कोथरूडचा फ्लॅट सॉलिसिटरला सांगायचा का?

ताई, आम्ही नवरा-बायको सहा वर्षं रेडिंगमध्ये भाड्यानं राहतो. आता एक सेमी-डिटॅच्ड घर पसंत केलंय, किंमत ३,८०,००० पौंड. ऑफर मान्य होऊन पाच आठवडे झाले. सॉलिसिटर एस्टेट एजंटनंच सुचवल्या. डिपॉझिटमधले २५,००० पौंड माझे बाबा सांगलीहून पाठवणार आहेत, तर सॉलिसिटरबाईंनी आमच्याबरोबर बाबांचीही सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट मागितली. ‘मी काय चोर आहे का?’ म्हणून बाबा दुखावलेत. शिवाय कोथरूडला माझ्या नावावर २०१५ साली घेतलेला फ्लॅट आहे, तो भाड्यानं दिलाय. ऑफिसातला मित्र म्हणतो, इथे तो दाखवायची गरज नाही, ‘फर्स्ट टाइम बायर’वर टिक कर, नाहीतर घर बायकोच्या एकटीच्या नावावर घे. घराचं स्वयंपाकघर मागे वाढवलेलं आहे, पण त्याचा कौन्सिलचा दाखला सापडत नाही. विकणारे त्याऐवजी इन्शुरन्स काढून देतो म्हणतात. बँकेनं सर्व्हे केलाय, मग वेगळा करायलाच हवा का? आणि दसऱ्याला चाव्या मिळतील का?
– सं., रेडिंग

प्रिय सं.,

फ्लॅटचा विषय तुम्ही पत्राच्या मध्यात हळूच सरकवून दिलाय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांत मिळून जेवढे पैसे अडकलेत त्याहून जास्त त्या एका टिकेत आहेत.

इथल्या स्टॅम्प ड्युटीच्या कायद्यात ‘पहिल्यांदा घर घेणारा’ म्हणजे जगात कुठेही, कधीही ज्याच्या मालकीचं घर नव्हतं असा माणूस. जगात म्हणजे कोथरूडही आलं. घर वारसानं आलेलं असलं तरी मोजतात, त्यामुळे आजोबांच्या वाड्यात ज्यांचा हिस्सा आहे त्यांनीही आपल्या सॉलिसिटरना तो सांगायला हवा. नुसती सातबाऱ्यावरची शेतजमीन म्हणजे घर नव्हे, तिची काळजी नको.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं हिशेब असा होतो. तुम्ही दोघंही खरोखर पहिल्यांदा घर घेणारे असता, तर ३ लाखांपर्यंत शून्य आणि वरच्या ८० हजारांवर ५ टक्के, म्हणजे ४,००० पौंड भरले असतेत. नेहमीच्या दरानं पहिल्या सव्वा लाखावर शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के आणि उरलेल्या १,३०,००० वर ५ टक्के, म्हणजे ९,००० पौंड. तुमचा दर मात्र तिसरा आहे. नवीन घराचा ताबा घेताना दुसरं घर मालकीचं असेल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार बसतो. ९,००० अधिक १९,०००, एकूण २८,००० पौंड. मित्राच्या सल्ल्यातून ‘वाचणारे’ २४,००० पौंड हे असे येतात.

‘बायकोच्या एकटीच्या नावावर’ ही युक्ती मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतं. ती चालत नाही. या अधिभारासाठी एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला एकच धरतात, नाव एकाचं असलं तरी. तुमच्या पत्नीच्या नावावर जगात कुठे पत्र्याची खोलीसुद्धा नसली तरी तुमचा फ्लॅट त्यांच्या खरेदीला चिकटणार, आणि एकदा अधिभार लागला की पहिल्या घराची सवलतही गेली.

दुसरी युक्ती म्हणजे घर आधी घ्यायचं, फ्लॅट सावकाश विकायचा आणि १९,००० परत मागायचे. परतावा मिळतो, पण जुनं घर हे स्वतःचं राहतं घर असेल तरच, तेसुद्धा नवीन घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत कधीतरी तिथे राहिला असाल तर. तुम्ही सहा वर्षं रेडिंगमध्ये आहात आणि कोथरूडला भाडेकरू आहे. फ्लॅट इथल्या कम्प्लिशनच्या, म्हणजे सगळे पैसे भरून चाव्या मिळण्याच्या दिवसाच्या, आधी विकला गेला, तरच तुम्ही ९,००० च्या दरात येता. पण अनिवासी माणसाचा फ्लॅट विकायचा म्हणजे ग्राहक शोधणं, टीडीएस, कुलमुखत्यारपत्र, सगळं आलं. घाईघाईत किंमत पाडून विकलात तर १९,००० तिथेच जातील. हा हिशेब पुण्यातल्या सीएबरोबर बसून करा. एक अपवाद: परदेशातल्या घरातला तुमचा हिस्सा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा असेल तर अधिभार लागत नाही. तुमचा फ्लॅट त्यात बसेलसं वाटत नाही, पण मूल्यांकन करून घ्यायला हरकत नाही.

आता ‘दाखवलंच नाही तर?’ स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म सॉलिसिटर कर खात्याला पाठवतात, ताबा घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत. त्यातल्या मजकुराची जबाबदारी मात्र तुमची. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं असेल तर कर खातं २० वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतं. त्यांना कळणार कसं? तुमच्या भाड्याचे पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या तिथल्या रुपयांच्या खात्यात, जमा होत असतील. भारत आणि ब्रिटन आपल्या देशांतल्या बँक खात्यांची माहिती एकमेकांना दरवर्षी आपोआप कळवतात. (ते भाडं तुम्ही इथल्या रिटर्नमध्ये दाखवताय ना? नसेल तर त्यासाठी मला वेगळं पत्र लिहू नका, थेट अकाउंटंटकडे जा.) आणखी एक गोष्ट मित्राला ठाऊक नसेल. फ्लॅट लपवायचाय असं सॉलिसिटरना जाणवलं तर त्यांना काम सोडावं लागतं. संशयाचा अहवालही द्यावा लागू शकतो, आणि तो दिलाय हे तुम्हाला सांगायची त्यांना कायद्यानं बंदी आहे. फोन उचलत नाहीत, ईमेलला उत्तर नाही, फाइल हलत नाही, एवढंच तुम्हाला दिसेल.

म्हणून आजच, दोन ओळींचा का होईना, ईमेल टाका: माझ्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे, तो भाड्यानं दिलाय, अंदाजे किंमत अमुक.

आता बाबा. त्यांना सांगा की हा प्रश्न त्यांना एकट्याला नाही, डेव्हनमधल्या निवृत्त शाळामास्तरांनी लेकीला पैसे दिले तरी विचारतात. २०१७ च्या मनी लाँडरिंगच्या नियमांनुसार पैसा कुठून आला एवढंच कळून भागत नाही, तो जमा कसा झाला हेही सॉलिसिटरना बघावं लागतं. बाबांनी एफडी मोडली असेल तर एफडीची पावती, मुदत संपून खात्यात पडलेली रक्कम, तिथून इकडे निघालेली रक्कम आणि तुमच्या खात्यात उतरलेली रक्कम, अशी अखंड साखळी हवी. मधला एक दुवा तुटला की तीन आठवडे जातात. मी वकिलांच्या कचेरीत या फायली हाताळायचे तेव्हा तुमच्याच भागातल्या एका आजोबांनी नातवाच्या घरासाठी हळदीचे पैसे दिले होते. अडत दुकानाच्या पट्ट्या त्यांनी सुतळीनं बांधून कुरिअर केल्या होत्या. लिफाफा उघडला तर टेबलभर हळदीचा वास. पट्ट्या मराठीत, आकडे मोडीसारख्या वळणाचे. आमच्या साहेबांना आधी काही उमगेना, पण भाषांतर करून घेतल्यावर प्रत्येक पट्टीची रक्कम पासबुकातल्या नोंदीशी जुळली. एवढी चोख फाइल आम्हाला लंडनच्या बँकरांकडूनही कधी आली नव्हती. सहकारी बँकेचं मराठी पासबुक असेल तर भाषांतर आत्ताच करून ठेवा.

बाबांना एका पत्रावर सहीही करावी लागेल: ही रक्कम बक्षीस आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. ‘परत मागणार नाही’ हे वाचून घरात थोडं रुसणं-फुगणं होतं, होऊ द्या. हे पत्र मॉर्गेज देणाऱ्या बँकेला हवं असतं, कारण उद्या हप्ते थकले तर घरावर आणखी कुणी हक्क सांगायला येऊ नये. भारतातून निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. मात्र एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर तिथली बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. तो बाबांना रिटर्नमध्ये वळता करून मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. २५,००० पौंड पोचायला हवेत तर त्यांच्या हाताशी किती असायला हवेत, ते आधी काढा.

पाच आठवड्यांपूर्वी ऑफर मान्य झाली म्हणून घर ‘आपलं झालं’ असं मात्र घरी कळवू नका. आपल्याकडे इसारपावती होते, चार पैसे समोरच्याच्या हातात पडतात, शब्दाला वजन येतं. इंग्लंडमध्ये या टप्प्याला तसलं काही नाही. १९८९ च्या कायद्यानं जमिनीचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सहीचा लागतो, आणि तो होईपर्यंत विकणारे उद्या ५,००० जास्त देणाऱ्याला घर देऊ शकतात. याला इथे गझम्पिंग म्हणतात. लोक नावं ठेवतात, पण ते बेकायदा नाही. तुम्हीही तोवर एक पेनी न गमावता मागे फिरू शकता, सर्व्हेची आणि झालेल्या कामाची फी सोडून. (स्कॉटलंडची पद्धत निराळी आहे, तिथल्या वाचकांनी हे स्वतःला लावून घेऊ नये.)

पक्कं होतं ते ‘एक्सचेंज’च्या दिवशी. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतले अंगठे, फोटो, साक्षीदार डोळ्यांपुढे आणू नका. तुम्ही ऑफिसात डबा खात असता आणि दोन सॉलिसिटर फोनवर बोलून आपापल्या हातातल्या करारावर तारीख घालतात, वेळ टिपून ठेवतात. झालं. त्या क्षणी तुमचे १० टक्के, म्हणजे ३८,००० पौंड, बांधले गेले. नंतर माघार घेतलीत तर ते गेले. घराचा विमाही त्याच दिवसापासून तुमच्या नावानं सुरू हवा, कारण नेहमीच्या करारात एक्सचेंजनंतर घर जळलं तरी ते घेणाऱ्यालाच घ्यावं लागतं. घरमालकाला नोटीस आणि सोफ्याची ऑर्डर, दोन्ही एक्सचेंजनंतर.

सॉलिसिटर एजंटनं सुचवल्या यात वावगं काही नाही. एजंटला त्याबद्दल कमिशन मिळत असेल तर ते तुम्हाला सांगायला हवं, तेवढं विचारून घ्या. त्यांच्यावर देखरेख कुणाची, सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीची की लायसन्स्ड कन्व्हेयन्सरांच्या (फक्त घरखरेदीचे कागद करणाऱ्या परवानाधारकांच्या) कौन्सिलची, आणि तुमच्या बँकेच्या यादीत त्या आहेत का, हेही बघा. पण त्या तुमचं घर बघायला कधीही येणार नाहीत, हे नीट समजून घ्या. त्या बघतात कागद. लँड रजिस्ट्रीचा उतारा, कौन्सिलचा सर्च, सांडपाण्याचा सर्च, पुराचा आणि जमिनीचा सर्च, विकणाऱ्यांनी भरून दिलेला माहितीचा फॉर्म. आपला इंडेक्स टू म्हणजे व्यवहाराची नोंद; इथली लँड रजिस्ट्री मालकीचीच नोंद ठेवते आणि सरकार तिची हमी देतं, म्हणून तीस-तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट इथे सहसा लागत नाही. नकाशावरच्या तांबड्या रेघेवर मात्र फार विसंबू नका. ती हद्द ढोबळ असते, कुंपण फूटभर इकडे की तिकडे हे त्यावरून ठरत नाही.

त्या सगळ्याचा एक जाडजूड अहवाल तुम्हाला येईल. तो वाचा. माझं पहिलं घर घेतलं तेव्हा मी दुसऱ्यांच्या फायली दिवसभर वाचून दमायचे, स्वतःचा अहवाल चाळला आणि सही केली. राहायला गेल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी सातला शेजारचे काका कचऱ्याचा डबा ढकलत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून निघाले. मी चहाचं आधण टाकून बाहेर धावले, तर ते अगदी नम्रपणे म्हणाले, ‘माझा हक्क आहे हा, १९३० सालापासून.’ होताच. उताऱ्यात लिहिलेला होता, अहवालाच्या अकराव्या पानावर. म्हणून नकाशाची प्रत घेऊन एकदा घरी जा, सॉलिसिटरना दिसू न शकणाऱ्या गोष्टी डोळ्यांनी बघा आणि लिहून कळवा: मागच्या कुंपणाला दार आहे, शेजारचे लोक इथून जाताना दिसले, गॅरेज नकाशावर नाही.

यावरून सर्व्हे. बँकेनं केलं ते मूल्यांकन. आपलं कर्ज बुडणार नाही ना, एवढं बँकेला बघायचं असतं, तो माणूस दहा मिनिटं डोकावून जातो, कधी तेवढंही नाही. तुम्हाला हवा आरआयसीएस संस्थेचा सदस्य असलेला स्वतःचा सर्व्हेअर. घर वाढवलेलं, फिरवलेलं असेल तर लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे घ्या, लेव्हल २ वर भागवू नका. अहवाल आला की सॉलिसिटरना पाठवा, कारण वकिलानं काय तपासावं याचा वेगळा भाग त्यात असतो आणि तुम्ही पाठवल्याशिवाय तो त्यांना दिसत नाही.

स्वयंपाकघराचा प्रश्न याच सर्व्हेवर अवलंबून आहे. तो विमा कशासाठी असतो ते बघा: उद्या कौन्सिलनं दाखल्याअभावी कारवाई केली तर तिचा खर्च भरण्यासाठी. छत गळलं, भिंत खचली तर विमा कंपनी ढुंकून बघणार नाही. मागची भिंत पाडून खोली मोठी केली असेल, तर वरच्या मजल्याचं ओझं कशावर पेललंय, पोलादी तुळई घातलीय की नुसतं लाकूड लावून प्लास्टर मारलंय, हे कागदावर दिसत नाही. सर्व्हेअरला शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काम भक्कम असेल आणि फक्त कागदच नसेल तर विमा खुशाल घ्या, पैसे विकणाऱ्यांनाच भरू द्या. काम कच्चं असेल तर किंमत खाली आणा किंवा घर सोडा. आणि काहीही झालं तरी ‘दाखला आहे का हो?’ म्हणून कौन्सिलला फोन करू नका. तुमच्याकडून कौन्सिलला कळलं की कंपन्या तो विमा देत नाहीत. मागच्या काही वर्षांत कारवाईची मुदत वाढवून १० वर्षं केलीय, त्यामुळे ‘आता कोण विचारतंय’ असं विकणारे म्हणाले तरी बांधकाम कोणत्या सालचं ते विचारा.

तुमचं घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं दिसतंय, म्हणून लीजचं, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचं पुराण लावत नाही. फ्लॅट घेणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: लीजची ८० पेक्षा कमी वर्षं उरली असतील तर ती वाढवायचा खर्च आजच्या नियमानं एकदम चढतो, आणि तो नियम बदलणारा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला तरी त्यातला हा भाग अजून लागू व्हायचाय. सर्व्हिस चार्जची तीन वर्षांची बिलं मागवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सॉलिसिटर विचारतील: घर दोघांच्या नावावर कसं हवं? जॉइंट टेनंट म्हणून घेतलंत तर एकाच्या मागे आख्खं घर आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. टेनंट्स इन कॉमन असाल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि तो ज्याच्या त्याच्या मृत्युपत्रानं जातो. भारतातल्या नॉमिनीची कल्पना इथे डोक्यात आणू नका. बाबांचे २५,००० तुमच्या हिश्शात धरायचे असतील तर दुसरा मार्ग, आणि हे बायकोशी बोलून, बाबांशी बोलून नव्हे.

दसरा. कम्प्लिशनची तारीख एक्सचेंजच्या वेळी ठरते आणि विकणारे ज्या घरात जाणार त्या घराच्या, त्यापुढच्या घराच्या, अशी सगळ्यांची सोय बघून ठरते. मोठी रक्कम बँकांमधून शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला हलत नाही. ऑफरपासून चाव्यांपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. मुहूर्तासाठी साखळीतल्या चार कुटुंबांना थांबवू नका. चाव्या जेव्हा मिळतील तेव्हा घ्या, दूध दसऱ्याला उतू घालवा. निवड तुमच्या हातात असेल तर शुक्रवार टाळा. शुक्रवारी दुपारी पैसे कुठेतरी अडकले की सामानाचा ट्रक सोमवारपर्यंत रस्त्यावर.

पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवसांत ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा सॉलिसिटरच्या नावानं ईमेल आला, तर तो चोराचा आहे असंच समजा. अक्षर तेच, सही तीच, फाइल नंबरसुद्धा बरोबर असतो. तुम्हाला पहिल्या पत्रात छापून आलेल्या फोन नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नंबरवर नाही. आधी १ पौंड पाठवा, तो पोचल्याचं त्यांच्या तोंडून ऐका, मग बाकीचे.

आणि चाव्या हातात आल्या की देवघर गाडीतून उतरवायच्या आधी गॅस-विजेच्या मीटरचे फोटो काढा. विकणाऱ्यांची शेवटची बिलं तुमच्या नावावर येतात ती याच अर्ध्या तासात.